ईमेल स्थलांतर सेवा: जुनी पत्रे नीट पोहोचली, नवी मात्र जुन्याच सर्व्हरवर उतरली

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग करून देणे हा आमचा व्यवसाय. ग्राहकांची ड्रॉइंग, परचेस ऑर्डर, रिजेक्शनच्या तक्रारी असे सारे काही ईमेलवरच येते. वेबसाइट आणि ईमेल अनेक वर्षे एकाच शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर होते. त्यांपैकी २३ मेलबॉक्स स्वतंत्र ईमेल सेवेवर हलवण्याचे काम आम्ही एका स्थानिक पुरवठादाराकडे सोपवले. कारखान्यातील संगणकांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे हे काम मी सुरुवातीपासून जवळून पाहिले.

प्रथम चांगल्या बाजूविषयी. जुना पत्रव्यवहार नव्या सर्व्हरवर आणण्याचे काम त्यांनी फार काळजीपूर्वक केले. फोल्डरची रचना, पत्रांच्या मूळ तारखा, वाचलेले-न वाचलेले असल्याच्या खुणा, सगळे जसेच्या तसे आले. शनिवारी रात्री एमएक्स रेकॉर्ड (आमच्या डोमेनची, म्हणजे ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणारी नोंद) बदलले, जीमेलवरून चाचणीचे पत्र पाठवले, ते नव्या मेलबॉक्समध्ये काही सेकंदांत दिसले आणि काम पूर्ण झाल्याचे आम्हाला कळवण्यात आले.

सोमवारी मोठ्या ग्राहकांची पत्रे व्यवस्थित आली. मंगळवारी आमच्या सीएंनी फोन करून विचारले की, जीएसटीच्या कागदांबाबत दोन पत्रे पाठवूनही उत्तर का नाही. आमच्याकडे त्यांचे एकही पत्र नव्हते आणि त्यांच्याकडे बाउन्सही, म्हणजे पत्र न पोहोचल्याची सूचनाही, आलेला नव्हता. पॅकिंगचे खोके पुरवणाऱ्या सप्लायरचीही तीच तक्रार होती. वेबसाइटवरील इन्क्वायरी फॉर्ममधून तर तीन दिवसांत काहीच आले नव्हते. पुरवठादाराला विचारले असता, डीएनएसमधील (इंटरनेटवरील डोमेनच्या नोंदवहीतील) बदल सर्वत्र पोहोचायला ४८ तास लागतात, तोवर थांबावे, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला पटले नाही. आमच्या एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी ती नोंद साठवून ठेवण्याची मुदत, १४४०० सेकंद, म्हणजे ४ तास होता. ज्या सर्व्हरांनी जुनी नोंद साठवून ठेवली होती, त्यांनीही ती रविवारी सकाळपर्यंत टाकून द्यायला हवी होती. (खरे तर बदलाच्या एक दिवस आधी हा टीटीएल ३०० सेकंदांवर आणला असता, तर ४ तासांचीही वाट पाहावी लागली नसती. तो आणला गेला नव्हता.) शिवाय घेणारा सर्व्हर मिळाला नाही, तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि अखेर पाठवणाऱ्याला कळवतो. येथे कोणालाच काही कळवले गेले नव्हते. म्हणजे पत्रे अडकली नव्हती, ती कोठेतरी स्वीकारली गेली होती.

ती जागा आमच्या विक्री विभागातील एका सहकाऱ्यामुळे सापडली. ते सांगलीला गेले होते आणि वेबसाइटवरून आलेली एक इन्क्वायरी त्यांनी फोनवर वाचली होती. त्याच पत्त्याच्या मेलबॉक्समध्ये कार्यालयातील संगणकावर ती दिसत नव्हती. त्यांच्या फोनची सेटिंग कोणी बदललीच नव्हती, त्यामुळे तो अजूनही जुन्या सर्व्हरलाच जोडलेला होता. मी जुन्या वेबमेलमध्ये शिरून पाहिले, तेव्हा हरवलेली सर्व पत्रे तेथे पडलेली होती. सीएंच्या पत्राचे हेडर (पत्रासोबतची तांत्रिक माहिती) उघडून, ते कोणकोणत्या सर्व्हरांतून गेले हे दाखवणाऱ्या रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचल्या. पत्राचा सारा प्रवास त्या एका जुन्या सर्व्हरच्या आतच संपला होता.

याचे कारण असे. सीएंचे, सप्लायरचे आणि आमचे डोमेन एकाच होस्टिंग कंपनीच्या एकाच सर्व्हरवर होते. सर्व्हर पत्र बाहेर पाठवण्यापूर्वी स्वतःची यादी पाहतो. तेथे ते डोमेन 'स्थानिक' म्हणून नोंदलेले असेल, तर तो एमएक्स रेकॉर्डकडे वळतच नाही आणि पत्र आपल्याच मेलबॉक्समध्ये टाकतो. होस्टिंग सांभाळण्याच्या सीपॅनेल या सॉफ्टवेअरमध्ये ईमेल राउटिंग नावाची सेटिंग असते. आमच्या डोमेनसाठी ती 'लोकल मेल एक्स्चेंजर' अशी होती, ती 'रिमोट' करायला हवी होती. जगातील इतर सर्व सर्व्हरांसाठी आमचा नवा पत्ता बरोबर होता आणि जीमेलवरून केलेल्या चाचणीत म्हणूनच काही दोष दिसला नाही. हीच चाचणी वेबसाइटच्या फॉर्मवरून एकदा केली असती, तर शनिवारी रात्रीच सर्व उघड झाले असते.

बुधवारी पुरवठादाराचे वरिष्ठ अभियंता स्वतः कारखान्यात आले. मी हेडर दाखवताच त्यांनी वाद न घालता चूक मान्य केली, राउटिंग 'रिमोट' केले आणि जुन्या मेलबॉक्समधील ६१ पत्रे मूळ तारखांसह नव्या मेलबॉक्समध्ये आणून दिली. त्यांत एका कोटेशनची मुदत सोमवारीच संपलेली होती. ते काम आमच्या हातून गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

राउटिंग सुधारल्यावर इन्क्वायरी फॉर्मची पत्रे नव्या सर्व्हरवर येऊ लागली, पण स्पॅममध्ये. फॉर्म आमच्याच डोमेनच्या नावाने जुन्या सर्व्हरवरून पत्र पाठवतो आणि त्या सर्व्हरचा आयपी पत्ता नव्या एसपीएफ नोंदीत (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगणाऱ्या नोंदीत) नव्हता. पुरवठादाराच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने त्यासाठी दुसरी एसपीएफ नोंद जोडली आणि त्यामुळे प्रश्न अधिकच बिघडला. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन सापडल्या, तर संपूर्ण तपासणीच चुकीची ठरते. दोन्ही नोंदी एकत्र केल्यावर गुरुवारी दुपारपासून फॉर्मची पत्रे थेट इनबॉक्समध्ये येत आहेत.

फोनची बाब शेवटपर्यंत पुरवठादाराने आपली मानली नाही, आणि येथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. जुन्या सर्व्हरला जोडलेला फोन केवळ तेथील पत्रे दाखवत नाही, तर उत्तरेही तेथूनच पाठवतो. राउटिंग 'लोकल' होते तोवर सांगलीहून कार्यालयाला पाठवलेले प्रत्येक पत्र जुन्या मेलबॉक्समध्येच पडत होते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा फोन तपासणे हे स्थलांतराच्या करारात असायला हवे. आमच्याकडील १४ फोन अखेर मी स्वतः बदलले.

ही सेवा मी पाचपैकी तीन गुणांची मानतो. जुना पत्रव्यवहार हलवण्यासाठी मी यांनाच पुन्हा बोलावेन. मात्र जुन्या होस्टिंगवरील राउटिंग बदलणे, त्याच होस्टिंगवरील एखाद्या डोमेनवरून आणि वेबसाइटच्या फॉर्मवरून चाचणी घेणे, आणि पुढील आठवडाभर जुने मेलबॉक्स रोज तपासणे, या गोष्टी कार्यादेशात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही. जुने मेलबॉक्स आम्ही अजून काढून टाकलेले नाहीत. दर शनिवारी मी ते उघडून पाहतो. गेल्या तीन शनिवारी त्यांत नवे पत्र आढळलेले नाही.