माग दाखवला हाताचा, पैठणी दिली पॉवरलूमची

परभणीहून आम्ही घरचे सगळे छत्रपती संभाजीनगर बघायला गेलो होतो. मलिक अंबरनं 1612 साली बांधलेला भडकल दरवाजा, खाम नदीवरचं मकई गेट, पाणचक्की, शेवटी मकबरा. शहर मन भरून बघावं असंच आहे. जे घडलं ते मकबऱ्यानंतर.

गाडीवाला सकाळपासून आईला मावशी म्हणत होता. "मावशी, पैठणीसाठी पैठणला कशाला जाता? 50 किलोमीटर हाय. इथंच विणणाऱ्याकडून घ्या." त्याला दुकानातून कमिशन मिळतं, हे नंतर कळलं.

दुकानात दारातच हातमाग. विणकर छोट्या कांड्यांनी, एकेक धागा अडकवत, पदरावरचा मोर उभा करत होता. आई कितीतरी वेळ बघत बसली. ते काम अस्सल होतं, त्या कारागिराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती साडी विकायची नव्हती. सेल्समननं आतून त्याच रंगाची, तसाच मोर असलेली दुसरी आणली. "ही याच मागावरून उतरलेली." नातीच्या लग्नासाठी म्हणून आईनं पेन्शनमधले 18,500 रुपये घातले.

घरी माझ्या मावशीनं पदर उलटा करून बघितला. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास सुलटीसारखीच दिसते. आमच्या साडीत मोरांच्या मागे सुटे, कापलेले धागे होते. पॉवरलूम!

फोन केला, तर दुकानदार विचारतो, "बिलावर हातमाग लिहिलंय का?" बिलावर नुसतं 'सिल्क साडी'. सिल्क मार्कचं लेबल त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. ते खरंही असेल, पण ते फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. हातावर विणल्याची खूण म्हणजे हँडलूम मार्क, तो वेगळा असतो. लोकांना हा फरक माहीत नसतो, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. माझा खरा संताप त्यावर आहे.

पैसे देण्याआधी पदर आणि काठ उलटून बघा. बिलावर 'हातमागाची पैठणी' असं लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर साडी तिथंच ठेवून निघा, गाडीवाला कितीही घाई करो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. पैसे यूपीआयनं दिले होते, म्हणून तारीख आणि रक्कम तरी दाखवता आली.