दुखरी लस की बिनदुखरी? डांग्या खोकल्याच्या दोन लसी

सोलापुरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बाळाला ६, १० आणि १४ व्या आठवड्यात जी पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) लस मोफत टोचतात, तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जिवाणू असतात. खासगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या लसीत मात्र त्याच जिवाणूची निवडक, फार तर पाच प्रथिने असतात.

आरोग्य केंद्रातल्या लसीने मांडीवर टणक गाठ येते, रात्री ताप चढतो आणि शहराच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या आईची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते, त्यामुळे ही तक्रार क्षुल्लक मानता येणार नाही. खासगीतल्या लसीचा त्रास बराच कमी.

जिवाणूच्या जनुकांकडे पाहिले की मात्र पारडे फिरते. पर्टॅक्टिन हे त्या निवडक प्रथिनांपैकी एक. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात, जिथे बालकांना केवळ निवडक प्रथिनांचीच लस देतात, तिथे ते प्रथिन न बनवणारे जिवाणू झपाट्याने पसरले. लस निकामी झाली नाही, पण तिचे एक लक्ष्य हरवले. अख्ख्या जिवाणूच्या लसीत लक्ष्येच पुष्कळ असल्याने एखादे प्रथिन बनवणारे जनुक बंद पडल्याने फारसे बिघडत नाही, शिवाय तिचे संरक्षण अधिक काळ टिकते.

म्हणून ऐपत असली तरी पहिले तीन डोस आरोग्य केंद्रातलेच घ्यावेत, असे माझे मत आहे. तापासाठी डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा पुरतात.