रंगमंचावरच्या तीन स्त्रिया: येवगेनी बावर यांच्या मूकपटांचा संच

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'मॅड लव्ह' या नावाने काढलेल्या डीव्हीडीत रशियन दिग्दर्शक येवगेनी बावर यांचे 'ट्वायलाइट ऑफ अ वुमन्स सोल' (१९१३), 'आफ्टर डेथ' (१९१५) आणि 'द डाइंग स्वान' (१९१७) हे तीन मूकपट एकत्र पाहायला मिळतात. तिन्हींची नायिका रंगमंचावर उभी राहणारी स्त्री आहे. प्रेम की कला, असा सरधोपट पेच अपेक्षून हा संच लावणाऱ्याला मात्र वेगळेच काही गवसते. इथे कला प्रेमाच्या आड येत नाही. पुरुष कमी पडतो, आणि मग स्त्रीपाशी उरतो तो रंगमंच.

पहिल्या चित्रपटात हे सर्वांत स्पष्ट दिसते. बलात्कार करणाऱ्याला ठार मारलेली व्हेरा लग्नानंतर नवऱ्याला सारे सांगते, त्याला ते पेलत नाही, ती निघून जाते आणि पुढे नामांकित अभिनेत्री होते. पश्चात्ताप झालेला हा राजपुत्र नवरा तिला शोधत येतो, तेव्हा ती त्याला नकार देते. त्या काळच्या किती मेलोड्रामांनी नायिकेला क्षमा करायला लावले असते, हे आठवले की या नकाराचे मोल कळते.

रशियन लेखक तुर्गेन्येवच्या कथेवरचा 'आफ्टर डेथ' मला तिन्हींत दुबळा वाटला. विष घेऊन मरणारी अभिनेत्री झोया हिच्यापेक्षा तिच्या आठवणीने झुरणारा तरुणच पडदा व्यापतो. मात्र मेजवानीच्या प्रसंगात पाहुण्यांच्या गर्दीतून संथपणे सरकणारा कॅमेरा १९१५ सालचा आहे, यावर विश्वास बसत नाही.

संचाचा खरा मानकरी 'द डाइंग स्वान'. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरची बॅले नर्तिका व्हेरा कराली हिने यात मुक्या नर्तिकेची भूमिका केली आहे (मूकपटात मुकी नायिका ही कल्पनाच धाडसी), आणि तिचे नृत्य बावर फारशी काटछाट न करता पाहू देतात. प्रियकराच्या प्रतारणेनंतर ती नृत्याकडे वळते. मृत्यूने झपाटलेल्या चित्रकाराला तिच्यात हवा तो विषाद सापडतो. आणि प्रियकर परतल्यावर तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटतो, तो चित्रकाराला सहन होत नाही. तिचे दुःख हवे असणारा रसिकच तिचा वैरी ठरतो, हा विचार आजही बोचतो. त्याआधीचे तिचे दुःस्वप्न, चोहीकडून पुढे येणाऱ्या हातांसह, विसरता येत नाही.

'द डाइंग स्वान'ला जोबी टॅलबट यांनी दिलेले नवे संगीत दृश्यांवर कुरघोडी करत नाही. अभ्यासक युरी त्सिव्यान यांचा दृक्‌निबंधही सोबत आहे. बावर पडदे, खांब आणि प्रकाश यांतून अवकाश कसा रचतात, हे त्यातून उलगडत असल्याने चित्रपट पाहून झाल्यावरच तो लावावा. वेळ कमी असेल, तर पहिला आणि तिसरा चित्रपट पाहावा.