मूळ पाटी नसलेली ‘विलीज’ : पैसे लष्करी जीपचे, गाडी भलतीच

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी म्हणून विकलेली एक जीप उघडल्यावर महिंद्राची नागरी जीप सीजे-३बी निघाली. ‘चेसिस नंबरची मूळ पाटी गंजून गेली, म्हणून नवी लावली’ हे विकणाऱ्याचं म्हणणं घेणाऱ्याला पटलं. अशा पाट्या कोऱ्या विकत मिळतात आणि त्यांवर हवा तो नंबर ठोकता येतो. ऑलिव्ह रंग, नऊ फटींची जाळी आणि मागचा जेरीकॅन पाहून त्याने विसार दिला. या तिन्ही गोष्टी कोणत्याही जीपला बसवता येतात. टेप लावूनही कळत नाही, कारण दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंचच आहे.

खरी ओळख चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर सापडते. रेडिएटरखालच्या पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या दांड्यावर हात फिरवा. एमबीचा हा भाग गोल पाइपचा असतो. गोल नसेल तर ती एमबी नाही, मग जाळी कितीही फटींची असो. जीपीडब्ल्यू म्हणजे याच लष्करी जीपची फोर्डने बनवलेली आवृत्ती. तिचा क्रॉस मेंबर चौकोनी असतो, पण तिचा नंबर डाव्या रेलच्या (सांगाड्याच्या लांब बाजूच्या) वरच्या अंगावर, इंजिन माउंटजवळ ठोकलेला असतो. तिथला रंग तारेच्या ब्रशने काढा. ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका, उथळ अक्षरं कायमची जातात. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ही दिसतो.

एमबीची चेसिस पाटी पुढच्या बंपरमागे, डाव्या रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेली असते. पाटी गेली तरी भोकं राहतात. या जीपमध्ये भोकांच्या कडा चकचकीत होत्या आणि आत गंजाचा कणही नव्हता. म्हणजे ती हल्लीच पाडलेली.

इंजिनावर विसंबू नका. सीजे-३बीचं मूळ इंजिन उंच असल्याने तिचं बोनेटही उंच असतं. इथे जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन टाकून, काऊल (समोरच्या काचेखालचा पत्रा) कापून बोनेट खाली आणलं होतं. वेल्डिंगचे टाके डॅशबोर्डखाली, आतून दिसत होते. मागच्या कोपऱ्यांत टूलबॉक्स नव्हते. एमबीच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सहा बोल्टांची फ्लँज (चकती) असते, इथे मधोमध एकच मोठा नट होता.

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेली गाडी त्यात बसत नाही. तो मार्गही या माणसाला बंद झाला.

विसार देण्याआधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अंक जुळवा. छाप घेऊ देत नसेल, तर गाडी तिथेच सोडून या.