नव्वद वर्षांचं घर

बँकेत 28 वर्षं मी लोकांच्या कर्जाचे कागद तपासले. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, नसेल तर फाइल परत पाठवायचो. शाखेत त्यावरून माझी टिंगलही व्हायची. शिकलीसवरलेली माणसं अशी कशी फसतात, हे वाचणाऱ्याच्या मनात येणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

घर थायलंडमधलं, फुकेतला. टेकडीच्या उतारावर दोन बेडरूमचा छोटा व्हिला, गॅलरीतून समुद्राची बोटभर पट्टी दिसायची. सहलीला गेलो होतो तेव्हा एजंट भेटला तो मराठी बोलणारा. परक्या मुलुखात कुणी "दादा, वहिनी" अशी हाक मारली की माणूस निम्मा तिथेच विरघळतो.

परदेशी माणसाला तिथे जमीन नावावर करता येत नाही, हे त्यानंच सांगितलं. खरंच आहे ते. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट नावावर होतो, पण इमारतीतल्या एकूण फ्लॅटच्या क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि त्याचे पैसे परकीय चलनात बाहेरून आले पाहिजेत. काही लोक थाई माणसांना नावापुरते भागीदार दाखवून कंपनी काढतात आणि जमीन तिच्या नावावर घेतात. ते बेकायदा आहे, आपण त्या भानगडीत पडत नाही, असंही त्यानं बजावलं. इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

आम्हाला फ्लॅट नको होता, अंगण हवं होतं. मग तो म्हणाला, "लीज घ्या ना दादा, लांब मुदतीचा भाडेपट्टा. तीस अधिक तीस अधिक तीस. नव्वद वर्षं म्हणजे मालकीच की! तुमची पतवंडं राहतील."

जमिनीच्या कागदाला तिथे चनोत म्हणतात. मालकी हक्काचा सगळ्यात पक्का कागद तोच. त्याच्या माथ्यावर लाल रंगात गरुड छापलेला असतो. त्याहून कमी दर्जाच्या कागदांवर हिरवा किंवा काळा. एजंटनं चनोतचा फोटो पाठवला. लाल गरुड बघून बायको म्हणाली, "बघा, आपलाच गरुड!" मीही फोटो मोठा करून करून पाहिला. शिक्का होता, प्लॉटचा नकाशा होता, नंबर होता. फोटो एकच होता, कागदाच्या पुढच्या बाजूचा.

मागच्या बाजूवर काय असतं हे मला तीन वर्षांनी कळलं. जमीन कुणी कुणाला विकली, कुठे गहाण आहे, कुणाला भाड्यानं दिली आहे, याच्या नोंदी तिथे असतात. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' न वाचता मी आयुष्यात एक कर्ज मंजूर केलं नसतं. इथे अख्खी पाठच पाहिली नाही, आणि मागितलीही नाही.

करारावर साल होतं 2565. आम्ही हसलो. थाई कालगणना बुद्धाच्या परिनिर्वाणापासून चालते, आपल्या सालात 543 मिळवायचे. म्हणजे 2022. मजकूर दोन भाषांत होता आणि शेवटी एक ओळ होती की मतभेद झाल्यास थाई मजकूर ग्राह्य धरला जाईल. वकील विकणाऱ्यानंच दिला होता. "दोन्ही बाजूंचा एकच वकील, तुमचा खर्च वाचतो," असं एजंटचं म्हणणं.

असाच आणखी एक खर्च त्यानं वाचवला. लीजची नोंदणी लँड ऑफिसमध्ये करायची तर एकूण भाड्याच्या 1 टक्का फी आणि 0.1 टक्का स्टँप ड्यूटी. सगळी रक्कम आधीच भरायची म्हटल्यावर तो आकडा डोळ्यात भरतो. "उगाच सरकारला कशाला द्यायचे? करार झालाय ना? नोंदणी काय, पुढे कधीही करता येते." माझ्या हातून हजारो दस्त नोंदणीसाठी गेले असतील. मी त्याला म्हणालो, "बरं."

पैसे पाठवण्याचा भाग मात्र चोख झाला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आम्ही दोघांनी मिळून मर्यादेत राहून पाठवले. फॉर्म, पॅन, कारण, सगळं व्यवस्थित. आपली बँक पाठवणाऱ्याचे कागद बघते. तिकडचा कागद खरा की खोटा, हे बघणं तिचं काम नव्हे. पण तिचा शिक्का बसला आणि मला उगाच वाटलं की व्यवहार तपासला गेला.

आता भाड्याबद्दल, कारण माझ्या मते खरा गळ तोच होता. विकणाऱ्यानं तीन वर्षं सहा टक्के हमी भाडं कबूल केलं होतं. आम्ही वर्षात पंधरा दिवस राहायचं, उरलेले दिवस व्हिला तेच पर्यटकांना देणार. दर तिमाहीला रक्कम न चुकता यायची. भाडं येतंय म्हटल्यावर कागद कोण काढून बघतो? आमचेच पैसे किमतीत आधी चढवून आम्हाला हप्त्यानं परत मिळत होते, हे आज सरळ दिसतं. तेव्हा मी नातेवाइकांना ते भाडं अभिमानानं सांगत होतो, आणि दोघांना तर एजंटचा नंबरही दिला. त्यातल्या एकानं घेतलं नाही. दुसऱ्याशी अजून नीट बोलणं होत नाही.

तीन वर्षं संपली आणि भाडं थांबलं. दोन महिन्यांनी व्हिलाची साफसफाई करणाऱ्या बाईनं फाटकावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो पाठवला. थाई नोटीस होती. या वेळी वकीलबाई आम्ही स्वतः शोधली. तिनं लँड ऑफिसमधून नोंदी काढल्या, फार वेळही लागला नाही. जमीन आम्ही सही करण्याच्या आधीपासून बँकेकडे गहाण होती, कर्ज थकलं होतं. मागच्या बाजूवर आमचं नाव कुठेच नव्हतं.

तिनं शांतपणे समजावलं. तिथल्या कायद्यानं घरजमिनीची लीज तीस वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही. जास्त लिहिली तरी तीसच धरतात. पुढची तीस म्हणजे जमीनमालकानं दिलेला शब्द, जमीन दुसऱ्याकडे गेली की नवा मालक त्याला बांधील नाही. आणि ती पहिली तीससुद्धा नोंदणी केली तरच. नोंदणीशिवाय लीज तीन वर्षांपुरतीच चालते.

नव्वदाचे तीस झाले, तिसाचे तीन. आणि आमची तीन वर्षं फेब्रुवारीतच संपली होती.

"निदान बांधकाम तरी आमचं ना?" बायकोनं विचारलं. परदेशी माणूस जमिनीवरच्या घराचा मालक होऊ शकतो, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. होऊ शकतो. आमच्या घराचा बांधकाम परवाना विकणाऱ्या कंपनीच्या नावावर होता.

वकिलीणबाईंनी दावा दाखल केला आहे, पण पैसे सुटतील अशी आशा धरू नका, असं त्यांनीच सांगितलंय. एजंटला मी मोठा मेसेज लिहिला होता, चार वेळा खोडून. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "दादा, तीन वर्षं भाडं वेळेवर मिळालं की नाही, ते सांगा."

ते मिळालं होतं.