स्पर्श पोर्टल : जवानाच्या पश्चात फॅमिली पेन्शनसाठी कितपत कामाचं?

गुण पाचपैकी साडेतीन. प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) या संरक्षण लेखा कार्यालयाकडून चालणाऱ्या स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलमुळे बँकेच्या सीपीपीसीचा (पेन्शनचं काम बघणाऱ्या केंद्राचा) टप्पा मधून निघाला. निवृत्त जवान वारला की पत्नीने थेट स्पर्शवर कळवायचं. नोंदी जुळत असतील तर काम खरंच सुरळीत होतं. दीड गुण कापला तो नोंदी न जुळणाऱ्यांसाठी, आणि गावाकडे तेच जास्त.

हाताशी ठेवायचं ते एवढंच : मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश (स्पर्शचा नंबर बारा आकडी असतो), डिस्चार्ज बुक, तिचं आधार, पॅन, पासबुक. नवराबायकोचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' जॉइंट खातं असेल तर नवं खातं काढायची गरज नाही. पोर्टल जमत नसेल तर गावचं सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं) केंद्र आहेच. पेन्शनरकडून तिथे पैसे घ्यायचे नसतात, केंद्राचा मोबदला संरक्षण खातं देतं. 'फॉर्म भरायचे दोनशे' कुणी मागितले तर देऊ नका. आणि नवऱ्याचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. नोंदलेला मोबाइल त्याचाच असेल तर ओटीपी तिथेच जातो.

आता अडतं कुठे ते. जवानाने लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (लग्नासारख्या घरच्या बदलाची लष्करी नोंद) काढून घेतली असेल तरच रेकॉर्डला बायकोचं नाव लागतं. ते लागलं असलं तरी कोणतं नाव? आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. डिस्चार्ज बुकात 'सुमन', आधारवर 'सुमनबाई', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं 'कौसल्या'. जन्मतारखेचंही तेच : आधारवर सरसकट १ जानेवारी, रेकॉर्डला भलतीच. माणसाने पाहिलं तर कळतं की बाई एकच आहे, संगणकाला कळत नाही. मग प्रतिज्ञापत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं : मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. तिथून दुरुस्ती होऊन कॉरिजेंडम (दुरुस्त) पीपीओ निघाला की गाडी पुढे सरकते. अर्जावर आर्मी नंबर, रँक, नाव हे तिन्ही डिस्चार्ज बुकात आहे तसंच, अक्षरही न बदलता लिहा.

पैशाचा हिशेब. पेन्शन मृत्यूच्या तारखेपर्यंत नवऱ्याची, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. साधा दर शेवटच्या वेतनाच्या ३०%, किमान ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. नवरा लवकर गेला असेल तर वाढीव दर ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी संपेल ते. कळवायला उशीर झाला आणि नवऱ्याची पेन्शन खात्यात येत राहिली, तर ती रक्कम पुढे कापून घेतात. ते पैसे तेराव्याला खर्च करून बसलं की मग हप्त्याहप्त्याने टोचत राहतं. नवऱ्याच्या पेन्शनची राहिलेली थकबाकी नॉमिनीला मिळते. नॉमिनेशनच नसेल तर वारस दाखल्याच्या फेऱ्या.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर प्रकरण वेगळं. तिथे युनिट, रेकॉर्ड ऑफिस आणि पीएओ (ओआर) हे जवानांचं पगार-हिशेब कार्यालय मिळून अंतिम हिशेब करतात : एएफपीपी फंड (सैनिकांचा प्रॉव्हिडंट फंड), शिल्लक रजेचे पैसे (कमाल ३०० दिवस) आणि डेथ ग्रॅच्युइटी. सेवा ११ ते २० वर्षांच्या दरम्यान असेल तर ग्रॅच्युइटी मासिक वेतनाच्या २० पट. मृत्यू ड्यूटीशी निगडित ठरला तर स्पेशल फॅमिली पेन्शन ६०%. एजीआयएफचा (लष्कराच्या गट विमा निधीचा) विमा या सगळ्यापासून स्वतंत्र आहे. ग्रॅच्युइटी आली म्हणजे तोही आला असं धरून चालू नका.

हयातीचा दाखला दरवर्षी. जीवन प्रमाण या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात पेन्शन देणारी संस्था निवडताना सवयीने बँक निवडली जाते आणि दाखला भलतीकडे जातो. तिथे 'स्पर्श – पीसीडीए' निवडायचं. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, त्यांनी चेहरा ओळखणारं ॲप वापरावं. उजेड समोरून हवा, पदर कपाळावरून मागे.

एक गोष्ट बहुतेक घरांतून सुटते. पत्नी ८० वर्षांची झाली की फॅमिली पेन्शन २०% वाढते, ८५ ला ३०%, ९० ला ४०%. पण वाढ लागते ती पीपीओतल्या तिच्या जन्मतारखेवरून, आणि जुन्या पीपीओंमध्ये तो रकाना अनेकदा कोराच असतो. ऐंशीला अजून पाच-सात वर्षं असली तरी ई-पीपीओ उघडून तो रकाना आजच बघा.