हप्ता साडेतीन हजारांनी कमी कसा झाला, ते पॉलिसी वाचल्यावर कळले

माझ्या चार वर्षे पूर्ण झालेल्या १,२०० सीसीच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा गेल्या महिन्यात एका खासगी कंपनीच्या ॲपवरून नव्याने उतरवला. ॲप वापरायला सोपे आहे, चार वर्षांत दावा न केल्याबद्दलचा ४५ टक्के नो क्लेम बोनस न सांगता बरोबर धरला गेला आणि पैसे भरल्यावर दहा मिनिटांत पॉलिसी हाती आली. या बाबतीत कंपनीला पूर्ण गुण द्यायला हवेत.

तक्रार आहे ती ॲपने आपणहून पुढे केलेल्या ‘सर्वोत्तम’ योजनेबद्दल. तिचा हप्ता गेल्या वर्षीपेक्षा साडेतीन हजारांनी कमी होता. तृतीय पक्ष विम्याचा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीसाठीच्या भागाचा) दर सरकार ठरवत असल्याने ही बचत तिथली नव्हे, हे उघड होते. गाडीची आजची यादीतील किंमत आठ लाख धरली, तर ठरीव तक्त्याप्रमाणे ५० टक्के घसारा वजा जाता आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, चार लाख यायला हवी. ॲपने ती ३ लाख ३५ हजार धरली होती. गाडी चोरीला गेली, तर एवढीच रक्कम मिळणार. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात, म्हणजे तीन लाखांऐवजी अडीच लाखांच्या आसपासच ती मोडीत निघाली असती. आयडीव्ही चार लाख केल्यावर हप्ता वाढला तो जेमतेम हजार रुपयांनी!

याखेरीज पाच हजारांची ऐच्छिक वजावट (दाव्यातील तेवढी रक्कम आपण स्वतः भरायची) आधीच निवडून ठेवलेली होती, आणि गेल्या वर्षी असलेले इंजिन संरक्षण यादीतून गायब होते. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्याला हे कसे परवडावे? जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा आमच्या एका परिचितांनी पाण्यातून काढलेली गाडी लगेच सुरू करून पाहिली. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरने आतील सफाई आणि आसनांचा खर्च मंजूर केला, परंतु इंजिनाचे नुकसान पुराने नव्हे, तर पाणी आत असताना गाडी सुरू केल्याने झाले, असे म्हणून तो भाग नाकारला. नुसत्या सर्वसमावेशक विम्यात नियम तसाच आहे.

झिरो डेप, म्हणजे दाव्यात सुट्या भागांवर घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, मात्र ॲपने कायम ठेवले होते. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर एरवी ५० टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे शहरात गाडी चालवणाऱ्याला ते खर्चाच्या मानाने उपयोगी पडते.

ग्राहक सेवेच्या प्रतिनिधीने हे सर्व बदल विनातक्रार करून दिले. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच लागू होते, हे मात्र मी विचारल्यावरच त्यांनी सांगितले. आमची गाडी बहुतेक वेळा पत्नी चालवते, म्हणून तिच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली. सारे धरून हप्ता गेल्या वर्षीपेक्षा दोनशे रुपयांनी जास्तच झाला. पाचपैकी तीन तारे. प्रतिनिधी नसता, तर दोनच दिले असते.